फळीवरचं नाव

मालवणात माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे वर्गफोटो हे रोजचं काम. पण वर्षातून दोन-चार वेळा त्यांना किनाऱ्यावर बोलावणं यायचं. नवी होडी पाण्यात लोटण्याआधी तिची पूजा व्हायची, नाळेला हार घातला जायचा, नारळ फुटायचा. मग मालक आपल्या कुटुंबासह होडीला टेकून उभा राहायचा आणि वडील फोटो घ्यायचे.

वडील गेल्यावर स्टुडिओची खोली रिकामी करताना अशा होड्यांची अकरा छायाचित्रं मला सापडली. प्रत्येकाच्या मागे त्यांच्या वळणदार अक्षरात होडीचं नाव, मालकाचं नाव आणि तारीख. होडी बांधणाऱ्या सुताराचं नाव एकाही फोटोमागे नाही. एका फोटोच्या डाव्या कडेला मात्र एक हात आला आहे, मनगटापर्यंतच. तो कोणाचा हे मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी वडिलांची पिशवी धरून मी तिथे उभा होतो. वडिलांनी सुतारकाकांना मालकाच्या शेजारी बोलावलं, तेव्हा ते म्हणाले होते, ‘‘माजो फोटो कित्याक काढतास? होडी तर मालकाची.’’ आणि ते बाजूला सरकले. हात तेवढा राहिला.

हा लेख मालवणच्या होड्यांवर नाही. तो हवाई बेटं आणि कॅलिफोर्निया इथल्या सर्फबोर्डांवर, म्हणजे लाटेवर उभं राहून जाण्याच्या फळ्यांवर आणि त्यांच्या छायाचित्रांवर आहे. पण तो त्या हातामुळेच लिहिला गेला, म्हणून सुरुवात तिथून केली.

काही वर्षांपूर्वी मांद्र्याच्या किनाऱ्यावर एका परदेशी पाहुण्याचा सर्फबोर्ड झोपडीला टेकवून ठेवलेला पाहिला. त्याच्या पोटावर लाटेचं एक कृष्णधवल छायाचित्र होतं. आधी वाटलं, स्टिकर असेल. माझा पोटापाण्याचा धंदा फोटोंना फ्रेम करण्याचा, त्यामुळे चिकटवलेल्या कागदाची कड मला लगेच कळते. नख लावून पाहिलं. कड नव्हतीच. चित्र पृष्ठभागाच्या आत होतं, काचेखाली असावं तसं. त्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने दोन नावं लिहिलेली होती. पाहुण्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘एक फोटो काढणाऱ्याचं, एक फळी घडवणाऱ्याचं.’’

दोन्ही नावं एका फळीवर. आमच्या अकरा फोटोंमागे जे झालं नव्हतं ते इथे झालं होतं. तिथवर पोचायला फळीला आणि कॅमेऱ्याला किती काळ लागला, हे शोधत मी गेली काही वर्षं वाचतो आहे. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. जे हाती लागलं ते मांडतो.

*

हवाईची जुनी फळी कशी घडायची, याचं तपशीलवार वर्णन होनोलुलूच्या थॉमस थ्रम यांच्या १८९६ च्या वार्षिकात छापलेलं आहे. झाड पाडण्याआधी बुंध्याशी कुमू नावाचा लाल मासा ठेवायचा. झाड पडलं की मुळाशी खड्डा करून, प्रार्थना म्हणून, तो मासा त्यात पुरायचा. मग वाकसाने खोड तासून ढोबळ आकार द्यायचा. ती फळी किनाऱ्यावरच्या होड्यांच्या छपराखाली आणायची आणि पोवळ्याच्या व खरखरीत दगडांनी घासून गुळगुळीत करायची. कॉर्डिलाइनच्या जातीतल्या ‘की’ झाडाच्या मुळांचा रस किंवा जाळलेल्या कुकुई बियांची काजळी लावून तिला गडद रंग द्यायचा आणि शेवटी कुकुईच्या तेलाचा हात फिरवायचा. कुकुई म्हणजे आपल्याकडचा रान अक्रोड. वापरून झाल्यावरही फळी उन्हात सुकवून, तेल चोळून, कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवायची.

हे वाचताना मला काजूच्या टरफलांचं तेल पिऊन काळ्या पडलेल्या आमच्याकडच्या होड्या आठवल्या. लाकडांचीही ओळख पटत गेली. फळ्या तीन झाडांच्या असत. कोआ हे बाभळीच्या कुळातलं. उलु म्हणजे तर आपला नीरफणस. आणि विलीविली हे आपल्या पांगाऱ्याचं भावंड, तसंच हलकं. विलीविलीच्या लांबलचक, जाड फळ्यांना ‘ओलो’ म्हणत आणि त्या सरदार-दरकदारांसाठी असत. पातळ, रुंद तोंडाच्या फळीचं नाव ‘अलाया’. ती सामान्यांचीही होती.

थ्रम यांच्या वार्षिकातला हा मजकूर मुळात हवाईयन भाषेतला. तो कोणी लिहिला? ‘कोना जिल्ह्यातील एक स्थानिक’ एवढंच तिथे म्हटलं आहे. भाषांतराला मदत करणाऱ्याचं नाव आहे, संपादकाचं तर वार्षिकावरच आहे. ज्याला हे सगळं माहीत होतं, त्याचं नाव नाही.

*

या फळ्या युरोपीय नजरेला पडल्या त्या कॅप्टन कूकच्या तिसऱ्या सफरीत. त्या सफरीतला चित्रकार जॉन वेबर याने केआलाकेकुआ उपसागराचं चित्र काढलं. त्यात होड्यांच्या गर्दीत फळीवर पालथा पडून हाताने पाणी मारत चाललेला एक माणूस दिसतो. पुढची १०० वर्षं हवाईला फार जड गेली. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं मेली. कूकच्या वेळच्या लोकसंख्येचे अंदाज दोन लाखांपासून आठ लाखांपर्यंत जातात. १८९० च्या जनगणनेत मूळ हवाईयन आणि मिश्र वंशाचे मिळून सुमारे ४० हजार उरले होते. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना उघड्या अंगाने लाटांवर खेळणं पसंत नव्हतं. ज्यांच्यासाठी ओलो घडत त्या सरदारांची सत्ताही ओसरत गेली. लाटांवर जाणं पुरतं थांबलं नाही, पण फळ्या घडवणारे हात कमी झाले.

तरी मागे काही उरलं, त्याच्या दोन कहाण्या सांगतो.

पहिली १८८५ च्या जुलैमधली. हवाईच्या राजघराण्यातले तीन राजपुत्र, डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलीइआहोनुई आणि जोना कुहिओ, तेव्हा कॅलिफोर्नियात शिकत होते. सुट्टीत ते सांताक्रूझला आले. तिथल्या रेडवुडच्या लाकडाच्या फळ्या त्यांनी करवून घेतल्या आणि सान लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. स्थानिक वर्तमानपत्राने त्याची बातमी दिली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची या खेळाची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. त्या दुपारचं छायाचित्र नाही. पण त्या फळ्यांपैकी दोन होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात टिकून राहिल्या आणि २०१५ साली सांताक्रूझमध्ये प्रदर्शनात मांडल्या गेल्या. इथे चित्र नाही, फळी आहे.

दुसरी कहाणी १८९८ ची, आणि ती नेमकी उलटी आहे. फ्रँक डेव्ही नावाच्या छायाचित्रकाराने वायकीकीच्या किनाऱ्यावर एका हवाईयन माणसाचा फोटो घेतला. कमरेला फक्त लंगोट, हातात अलाया फळी, पायाखाली वाळू आणि मागे डायमंड हेड डोंगर. हवाईच्या सर्फिंगचं हे आज बहुधा सर्वांत ओळखीचं जुनं चित्र असेल. इथे फळीचं चित्र आहे, आणि तेच फळीच्या जागी उभं आहे.

या फोटोसमोर मी बराच वेळ घालवला आहे. तो काळजीपूर्वक रचलेला आहे. १८९८ च्या होनोलुलूत शर्ट-पँट घातलेले हवाईयन रस्तोरस्ती होते. लंगोट हा रोजचा पेहराव उरला नव्हता. माणूस पाण्यात नाही, कोरड्या वाळूवर उभा आहे. चित्रात ‘जुनं हवाई’ दिसावं अशी मांडणी आहे. आणि साल पाहा. राणी लिलिउओकलानी यांची सत्ता १८९३ मध्ये उलथून टाकली गेली होती. १२ ऑगस्ट १८९८ रोजी इओलानी राजवाड्यासमोर हवाईचा ध्वज उतरवून अमेरिकेचा चढवला गेला. त्या समारंभाची छायाचित्रंही याच डेव्हीने काढली आहेत. म्हणजे ज्या वर्षी राज्य गेलं त्याच वर्षी, त्याच माणसाने, फळीवाल्या हवाईयनाचं चित्र जगाला दिलं.

त्या माणसाचं नाव आता संग्रहालयाच्या नोंदीमुळे सांगता येतं: चार्ल्स काउहा. पण कितीतरी ठिकाणी हे चित्र मी नावाविना छापलेलं पाहिलं आहे. ‘हवाईचा लाटस्वार’, एवढंच. फोटोग्राफरचं नाव बहुतेक वेळा असतं. फळी कोणी घडवली, हा प्रश्न तर तिथवर पोचतच नाही.

*

छायाचित्रण ही कला आहे असं मानून फळीकडे पाहणारा पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे होनोलुलूचा आल्फ्रेड गरी, धाकटा. होनोलुलूत त्याचं कलावस्तूंचं दुकान होतं. त्याची पत्नी कॅरोलिन हॅस्किन्स गरी ही नावाजलेली व्यक्तिचित्रकार छायाचित्रकार होती. हवाईतल्या मिश्र वंशाच्या तरुण मुलामुलींची तिने काढलेली छायाचित्रं १९०९ मध्ये सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली होती. छायाचित्राने निव्वळ नोंद न करता चित्रासारखं दिसावं, मऊ प्रकाश, विचारपूर्वक रचना असावी, असा जो पंथ तेव्हा जगभर होता, त्याचं वारं या घरात होतं.

गरी कॅमेरा घेऊन होडीत बसला आणि लाटांमध्ये गेला. त्यामुळे त्याच्या चित्रांत लाट लांबून दिसणारी पांढरी रेघ राहिली नाही. ती अंगावर येते आणि तिच्यावर उभा असलेला माणूस आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतो. १९१० च्या दशकाच्या मध्याला त्याने ही छायाचित्रं एका लहानशा पुस्तकात बांधली. हाताने सिद्ध केलेलं, आत फोटो चिकटवलेलं पुस्तक. नाव ‘द सर्फ रायडर्स ऑफ हवाई’. केवळ या विषयाला वाहिलेलं हे पहिलं पुस्तक समजलं जातं. त्याच्या मोजक्याच प्रती आज उरल्या आहेत. फळी हाताने घडलेली आणि तिच्यावरचं पुस्तकही हाताने घडलेलं.

गरीच्या चित्रांतला मुख्य माणूस ड्यूक कहानामोकू. जन्म १८९०, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक. इथे पहिल्यांदा चित्रातल्या हवाईयनाला नाव मिळालं. अर्थात ते पदकामुळे मिळालं, फळीमुळे नव्हे. पण ड्यूक स्वतः फळी घडवणाराही होता. १९१४-१५ च्या दौऱ्यात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लाटांवर जायला फळी हवी म्हणून त्याने तिथल्या वखारीतून शुगर पाइनचं लाकूड घेतलं आणि स्वतःच ती तासली. ती फळी आजही फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबने जपून ठेवली आहे. घडवणारा, स्वार होणारा आणि नावाने ओळखला जाणारा एकच माणूस, असा हा दुर्मीळ नमुना.

*

आता या कहाणीच्या मध्याशी येतो. टॉम ब्लेक, जन्म १९०२, विस्कॉन्सिनमधला, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूरचा. १९२० साली डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात त्याची ड्यूकशी गाठ पडली. ड्यूक अँटवर्पच्या ऑलिंपिकहून परतत होता. अनोळखी पोराने हात पुढे केला, ड्यूकने तो हातात घेतला. चार वर्षांनी ब्लेक हवाईत होता.

बिशप संग्रहालयात आब्नर पाकी या उंचापुऱ्या सरदाराच्या दोन ओलो फळ्या होत्या. पाकी १८५५ मध्ये वारला. त्याची मुलगी बर्निस पाउआही हिच्या स्मरणार्थ तिच्या पतीने १८८९ मध्ये ते संग्रहालय स्थापलं. ब्लेकने पाहिल्या तेव्हा त्या फळ्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने संग्रहालयाची परवानगी काढली, वरचे थर उतरवले आणि फळ्या पुन्हा मूळ लाकडावर आणल्या. हे काम मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणतो. कागदपत्रांतून जे कळत नाही ते घासताना हाताला कळतं. कुठे फुगवटा आहे, कुठे कड उतरत गेली आहे, तासणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला आहे. ब्लेक त्या अनाम कारागिरांकडून थेट शिकला, आणि ते जाऊन अनेक दशकं उलटली होती.

मग त्याने स्वतः तशी लांब फळी करायला घेतली. रेडवुडचा अखंड ओंडका फार जड, म्हणून त्याने त्यात शेकडो भोकं पाडली, लाकूड सुकू दिलं आणि वर पातळ लाकडाचं आवरण चढवलं. पुढे त्याने ही पद्धत सोडून विमानाच्या पंखासारखी आतून आडव्या फासळ्यांची पोकळ फळी बांधली. १९३२ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट त्याला मिळालं. पेटंटमधलं नाव ‘वॉटर स्लेड’, पाण्यावरची घसरगाडी. १९३५ मध्ये त्याने फळीच्या पोटाला मागच्या बाजूने छोटा पर बसवला. त्याने फळी वळणावर घसरायची थांबली. आज जवळजवळ प्रत्येक सर्फबोर्डला पर असतो.

आणि हाच माणूस छायाचित्रकार होता. १९२९ च्या सुमारास त्याने कॅमेऱ्यासाठी स्वतःच्या हाताने पाणी न शिरणारी पेटी बनवली आणि फळीवर बसून लाटेच्या आतून फोटो काढले. गरी होडीत बसला होता. ब्लेकने होडीही सोडली. पोकळ फळी आणि कॅमेऱ्याची पेटी या दोन्ही वस्तू एकाच सुतारकामातून निघाल्या. दोन्हींत प्रश्न एकच होता: लाकडाचा सांधा असा बसवायचा की आत पाणी येऊ नये. त्याची चित्रं १९३५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात आली. त्याच वर्षी त्याचं ‘हवाईयन सर्फबोर्ड’ हे पुस्तक निघालं. १९३७ मध्ये पॉप्युलर मेकॅनिक्स मासिकात पोकळ फळीचा आराखडा छापून आला आणि जो तो घरामागच्या अंगणात फळी बांधू लागला.

पण इथे थोडं थांबायला हवं. पेटंटवर ब्लेकचं नाव आहे, आणि ते रास्त आहे. पोकळ बांधणी त्याचीच. आकार मात्र त्याने पाकीच्या फळ्यांकडून घेतला. त्या फळ्या आजही ‘पाकीच्या’ म्हणून ओळखल्या जातात, तासणाऱ्याच्या नावाने नाही. आमच्या वडिलांच्या अक्षरात फोटोमागे जे लिहिलेलं असायचं तसंच: होडीचं नाव, मालकाचं नाव. ब्लेकने आपल्या पुस्तकात हवाईची जुनी परंपरा आदराने नोंदवली, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. नोंद ठेवायची पद्धतच अशी होती की मालक टिकतो, कारागीर वाहून जातो.

*

ब्लेकची चित्रं पाहून कॅलिफोर्नियातल्या एका तरुणाच्या डोक्यात खूळ शिरलं. जॉन हीथ बॉल, जन्म १९०७, धंद्याने दंतवैद्य, म्हणून सगळे त्याला ‘डॉक’ म्हणत. दिवसा दात, सकाळ-संध्याकाळ समुद्र. त्याच्या दवाखान्याच्या जागेतच पालोस वेर्देस सर्फ क्लबच्या बैठका भरत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानेही आपली जलरोधक पेटी बनवली. १९४६ मध्ये त्याने ‘कॅलिफोर्निया सर्फरायडर्स’ हे छायाचित्रांचं पुस्तक स्वतः काढलं. प्रती ५१०.

बॉलचं मोठेपण मला त्याच्या चित्रओळींत दिसतं. कोण कुठल्या लाटेवर आहे हे तो नावानिशी लिहितो. पुढाऱ्याचा फोटो असो की नवशिक्या पोराचा, नाव आहेच. ज्या जगात त्याच्या जन्माआधी नऊ वर्षं चार्ल्स काउहाचा फोटो निघाला होता, त्या जगात हा मोठा बदल होता. अर्थात त्याची माणसं त्याच्याच वर्तुळातली, त्याच्याच रंगाची. आपल्या माणसाचं नाव लिहिणं सोपं असतं.

याच सुमाराला फळीवर चित्र येऊ लागलं. लॉस एंजेलिसची पॅसिफिक सिस्टिम होम्स ही कंपनी तयार भागांची घरं विकायची; १९३० च्या दशकात ती सर्फबोर्डही करू लागली. त्या फळ्यांची छाप होती स्वस्तिक, कारण अमेरिकेतही ते तेव्हा शुभचिन्ह म्हणून चालत होतं. जर्मनीतल्या घडामोडींनंतर १९३८ मध्ये ती छाप सोडून द्यावी लागली. फळीवरचं चिन्ह निरागस राहत नाही, हे तेव्हाच दिसलं.

*

मांद्र्याच्या फळीवरचं चित्र शक्य झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रसायनांमुळे. काचेच्या तंतूंचं कापड आणि राळेसारखं काम करणारं पॉलिएस्टर रेझिन यांनी फळीला पारदर्शक कातडं दिलं. बॉब सिमन्ससारख्या कारागिरांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाल्सा लाकडावर ते चढवलं. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथिन फोमचे गाभे यशस्वी केले. लाकूड गेलं, गाभा पांढरा झाला. पांढरं काही समोर आलं की माणूस त्यावर काहीतरी काढणारच.

कृती अशी. फोमचा गाभा घडवणारा कारागीर रंध्याने आणि घासकागदाने त्याला आकार देतो. गाभ्याच्या मधून लाकडाची एक पातळ पट्टी गेलेली असते. तिच्याजवळ तो पेन्सिलीने मापं आणि आपली सही लिहितो. छायाचित्र एका अगदी पातळ कागदावर छापतात. त्याला राइस पेपर म्हणतात, पण तो बहुधा झाडाच्या सालीच्या तंतूंचा असतो. शाई रेझिनमध्ये विरघळणारी नाही ना, हे आधी तुकड्यावर पाहून घ्यावं लागतं. कागद गाभ्यावर पसरायचा, वर काचतंतूंचं कापड आणि मग त्यावर रेझिन ओतून रबरी पट्टीने ओढत न्यायचं. रेझिन भिनलं की कागदाचा पांढरेपणा नाहीसा होतो. कागद जणू विरघळतो आणि शाई तेवढी उरते. बुडबुडा राहिला तर तो कायमचा, सुरकुती पडली तर तीही कायमची. दुसरी संधी नाही.

मी लहानपणी डार्करूममध्ये कोऱ्या कागदावर चित्र उमटताना पाहिलं आहे. इथे उलट होतं: चित्र राहतं आणि कागद नाहीसा होतो.

फ्रेम करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आम्ही फोटोला ऊन, पाणी आणि हात यांच्यापासून जपतो. हे लोक तो थेट उन्हात, खाऱ्या पाण्यात आणि पायाखाली नेतात. पाय घसरू नये म्हणून फळीच्या पाठीवर मेण फासतात, म्हणून चित्र बऱ्याचदा पोटाकडे लावतात, जिथे ते माशांनाच दिसावं. रेझिन उन्हाने पिवळं पडत जातं. जुना ब्रोमाइड प्रिंट पिवळा पडतो, तसंच. अशी फळी पुष्कळदा भिंतीवरच टांगली जाते, आणि मग ती फळी राहिली की चित्र झाली, हा वाद रंगतो. मला त्या वादात फारसा रस नाही. हवाईचे लोकही फळी कापडात गुंडाळून घरात टांगतच होते.

मला रस आहे तो पेन्सिलीच्या दोन नावांत. डेव्हीच्या चित्रात नाव फक्त पाहणाऱ्याचं होतं. ब्लेकमध्ये घडवणारा आणि पाहणारा एकाच देहात होते, म्हणून प्रश्न मिटल्यासारखा वाटला. आता दोन माणसं आहेत, आणि दोघांनाही ठाऊक आहे की दुसऱ्याशिवाय ही वस्तू होत नाही. कारागिराची सही रेझिनखाली आहे. ती पुसता येत नाही, सुटी करता येत नाही. फळी मोडली तरच ती मोडेल. बिशप संग्रहालयातल्या पाकीच्या फळ्यांवर अशी एखादी खूण असती तर, असं मनात येतं. पण तिथे मासा होता, झाडाच्या मुळाशी पुरलेला. कदाचित घडवणाऱ्याची सही तीच होती. ती आपल्याला वाचता येत नाही, इतकंच.

*

गेल्या वर्षी ते अकरा फोटो घेऊन मी देवबाग आणि तळाशील इथल्या घरोघरी हिंडलो. होडी ओळखता येते का, बांधली कोणी हे आठवतं का, विचारत फिरलो. होड्यांपैकी आज एकही नाही. काही फुटल्या, काही चुलीत गेल्या, बाकीच्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतली. चार होड्यांचे सुतार कळले. एका म्हाताऱ्या बाईने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि होडीकडे न पाहता कडेच्या त्या हातावर बोट ठेवलं. तिच्या नवऱ्याचा हात. अंगठ्याच्या नखावरची हातोडीची जुनी खूण तिला दिसत होती. मला ती तोवर कधी दिसली नव्हती.

त्या चार फोटोंमागे वडिलांच्या अक्षराखाली मी पेन्सिलीने सुतारांची नावं लिहिली आहेत आणि एकेक प्रत त्यांच्या घरी नेऊन दिली आहे. ती नावं इथे छापलेली नाहीत, कारण तो निर्णय त्या घरांचा आहे. सात फोटो अजून तसेच आहेत. पावसाळा सरला की पुन्हा बाहेर पडेन.